लाख, सुई आणि तीन मिनिटं

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि फोनोच्या तबकड्या भरणारे गोरे लोक १९०२ साली हिंदुस्थानात उतरले. मराठी गाण्याच्या इतिहासात इतकी हळहळ लावणारी चुकामूक दुसरी नसेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी बडोद्याहून आणलेला हा ‘भावड्या’ सुभद्रा होऊन रंगभूमीवर आला आणि अखेरपर्यंत त्याने प्रेक्षकांना वेड लावलं. त्याच्या गळ्याची वर्णनं जुन्या आठवणींत भरपूर सापडतात. पण वर्णन वाचून आवाज ऐकू येत नाही. भाऊरावांचा एक सूरसुद्धा आज कुणाला मिळणार नाही. त्यांच्यामागून चारच वर्षांनी किर्लोस्करांच्या त्याच नाटक कंपनीत दाखल झालेल्या नारायणराव राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा गळा मात्र पिंपरीच्या सिग्नलला थांबलेल्या रिक्षातही मोबाइलवर लावता येतो. हा सगळा फरक लाखेच्या एका चकतीचा.

ती चकती घेऊन आलेल्या माणसाचं नाव फ्रेड गायसबर्ग. ११ एप्रिल १९०२ रोजी मिलानच्या एका हॉटेलात त्याने एन्रिको कारुसो या २९ वर्षांच्या गायकाकडून ऑपेरातली दहा पदं भरून घेतली. कारुसोने शंभर पौंड मागितले. एवढे पैसे द्यायचे नाहीत अशी लंडनच्या कचेरीची तार आली आणि आपण ती कानाआड केली, ही हकीकत गायसबर्ग पुढे रंगवून सांगत असे. त्या दहा पदांनी फोनोची किंमत बदलली; तोवर जत्रेतली गंमत समजलं जाणारं यंत्र मानाच्या दिवाणखान्यात जाऊन बसलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हाच माणूस तशाच मेणाच्या चकत्या घेऊन कलकत्त्यात होता आणि कर्ण्यासमोर गौहरजान गात होती. ऑपेरा आणि ख्याल-ठुमरी यांची सोयरीक कुणी जुळवली नाही, पण दोघांची पहिली नावाजलेली ध्वनिमुद्रणं एकाच माणसाने, एकाच वर्षात केली.

गौहरजानच्या तबकडीच्या शेवटी एक गंमत आहे. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तो तोरा नव्हता, ती कामाची सोय होती. मेणाच्या चकत्या बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना ‘बिहाग’ आणि ‘भैरवी’त काय, गौहर आणि जानकीत काय, काहीच कळत नसे. लेबल चुकू नये म्हणून गायकानेच ओरडून नाव सांगायचं. पहिल्या काही वर्षांतल्या कितीतरी तबकड्यांवर ही सही ऐकू येते.

मायक्रोफोन तेव्हा नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई मेणात नागमोडी खाच कोरणार, असा सगळा मामला. तार सप्तकात जाताना गायकाने डोकं मागे घ्यायचं, खर्जात उतरताना पुढे. तबला जवळ ठेवला तर गाणं बुडे, लांब ठेवला तर तबलाच नाहीसा होई. तानपुऱ्याची तर वाटच लागायची. एक ठसका आला की चकती बाद. कापाकापी, जोडाजोडी काही नाही. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं, तोवर हाच कारभार. तरीही त्या तबकड्यांतून जे गाणं टिकलं ते ऐकताना गायकांच्या हिमतीला दाद द्यावी लागते. समोर रसिक नाही, ‘वाहवा’ नाही, डोळ्यांपुढे पत्र्याचं भोक, आणि त्यात मैफल उभी करायची.

आणि लाख! ती मूळची आपलीच. छोटा नागपूरच्या जंगलात कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा थर चढवतात, तो खरवडून, वितळवून चपडा तयार होतो. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळली की तबकडीचं पीठ झालं. म्हणजे बांगडीची लाख बोटीत बसून हॅनोव्हरला जाई आणि गाणं होऊन परत येई. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मावत. या तीन मिनिटांनी मराठी संगीताचं काय केलं, हा खरा विषय.

युरोपातल्या ऑपेरावाल्यांनी हा पेच दांडगाईने सोडवला. व्हेर्दीचा ‘एर्नानी’ हा अख्खा ऑपेरा १९०३ साली ४० तबकड्यांवर भरला गेला, तोही एकाच बाजूच्या तबकड्यांवर. घरी ऐकणाऱ्याने चाळीस वेळा उठायचं, चावी द्यायची, पिन बदलायची. आपल्याकडे किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या वाट्याला असं भाग्य आलं नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि त्यात पदंच दोनशेच्या घरात! संगीत नाटक म्हणजे काही ऑपेरा नव्हे. ऑपेरात माणूस दार उघडायलाही गातच जातो, आपल्याकडे मधे गद्य असतं आणि भावना उचंबळली की पेटी सूर देते. पण कथा, अभिनय आणि शास्त्रोक्त गाणं यांचा असा लोकप्रिय संसार मराठीइतका भारतात क्वचितच थाटला गेला असेल. तबकडीने त्या संसारातली पदं तेवढी उचलली आणि नाटक मागे ठेवलं.

बालगंधर्व रंगमंचावर एक पद घोळवून घोळवून गात. प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत, ते पुन्हा गात, पुन्हा नवी जागा घेत. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या त्या मुळात बैठकीच्या बंदिशींतून आलेल्या, म्हणजे वाढवाल तितक्या वाढणाऱ्या. यमनातलं ‘नाथ हा माझा’ तबकडीवर मात्र लगबगीने आवरावं लागतं. यावरून जुने जाणते ‘तबकडीवरचे बालगंधर्व म्हणजे खरे बालगंधर्व नव्हेत’ असं म्हणत आले. ते अर्धंच खरं आहे. विस्तार गेला, पण लयीशी लाडीगोडी करत शब्द सोडण्याची त्यांची रीत, सुराला बिलगून येणारा उच्चार, समेवर येण्याआधीची ती हलकीशी टाळाटाळ, हे सारं त्या तीन मिनिटांत शाबूत आहे.

काहींनी तर या सक्तीतून नवीच वस्तू घडवली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकताना मोठ्या मैफिलीतला तुकडा कापून आणल्यासारखं मुळीच वाटत नाही. ती तेवढीच आहे, पूर्ण आहे. एक स्वर जास्त नको, एक कमी नको. लघुकथा ही कादंबरीचं पहिलं प्रकरण नसते, तसंच.

सगळेच मात्र कर्ण्यापुढे बसले नाहीत. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, तबकडी नाही. भास्करबुवा १९२२ साली गेले, तबकडी नाही. मराठी नाट्यसंगीताचा अर्धा डोलारा ज्यांच्या चालींवर उभा, त्यांचा स्वतःचा आवाज नाही. घराण्याची चीज चोरीला जाईल, पानाच्या टपरीवर गाणं वाजेल, अशी भीती त्या पिढीला होती. आणि ती काही खोटी ठरली नाही. गाणं खरोखरच टपरीवर वाजलं. पण त्या टपरीसमोर कोण उभं होतं, तेही पाहायला हवं.

गदगमध्ये एक शाळकरी पोर दुकानातल्या फोनोवर अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकायला उभा राहत असे. असंच गायचं, एवढं त्याने ठरवलं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घरातून पळाला. भीमसेन जोशी स्वतः ही गोष्ट सांगत. बेळगावकडच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली सात-आठ वर्षांचा असताना बड्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. तोच कुमार गंधर्व. पुढे त्याने नक्कल पार टाकून दिली हा भाग वेगळा, पण पहिली पाटी तबकडीचीच. ज्या घरात उस्तादाचा गंडा बांधण्याची ऐपत नव्हती, तिथे कपभर चहासोबत उस्ताद ऐकायला मिळू लागले. चीज चोरीला गेली ती अशी, आणि चोरांनी घराणं वाढवलं.

तबकडी भजनाच्या गावांतही पोचली. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आज मोटारींचा मुलूख आहे. फोनो आला तेव्हा इथे खेडी होती: मोरया गोसावींच्या समाधीचं चिंचवड, तुकोबांचं देहू, माउलींची आळंदी, भुईकोटाचं आणि कांद्याच्या बाजाराचं चाकण. बैठकीच्या गाण्याचं ठाणं पुण्याला; इंद्रायणी-पवनेच्या काठी गाणं म्हणजे भजन. टाळ, पखवाज, वीणा, पुढे पेटी. या भजनाचं आणि नाट्यसंगीताचं देणंघेणं जुनं आहे. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग ही कीर्तनातली वृत्तंच नाटकात नेली. मग ती रागदारीचं लेणं लेवून तबकडीवर चढली आणि तबकडीवरून पुन्हा देवळात उतरली. नाट्यपदाच्या चालीवर अभंग म्हणणारे बुवा महाराष्ट्रात गावोगाव झाले. बुवांनी नाटक पाहिलेलं असेलच असं नाही. चाल त्यांना कुणाच्या तरी ओसरीवरच्या फोनोने दिलेली.

या फेऱ्याची सर्वांत मोठी करामत देहूच्याच नावावर आहे. १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये ५७ आठवडे चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा गळा, केशवराव भोळ्यांचं संगीत. त्यातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं. पण ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं की भलेभले अभ्यासक ते गाथ्यात शोधत बसले. सिनेमा गावातून निघून जातो, तबकडी घरात राहते. पडद्यावरचा अभंग टाळकऱ्यांच्या तोंडी बसला तो तिच्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्याचा चेहरा पालटला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. सातारा, सांगली, कोकण, मराठवाडा, खानदेश अशा चहूकडून माणसं आली आणि येताना आपापलं भजन घेऊन आली. १९५३ पासून पुणे आकाशवाणी होतीच. ‘आपली आवड’मध्ये लागणारं नाट्यपद म्हणजे निवेदकाने फिरवलेली तबकडीच की! स्वतःचा फोनो नसलेल्या हजारो घरांना आकाशवाणीने एकदम सुई दिली. एक गोष्ट सहसा कुणी मांडत नाही: तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला रात्रभराची मैफल परवडत नाही. दुसरी पाळी सुटेपर्यंत गायकाचा बडा ख्याल आटोपलेला असतो. संगीताला घड्याळात बसवल्याबद्दल तबकडीला नावं ठेवली गेली, पण घड्याळावर जगणाऱ्या वस्तीला गाणं मिळालं ते त्याच रूपात.

एव्हाना तबकडी लांबली होती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे एलपी निघू लागल्या. लाख गेली, पीव्हीसी आलं. पिंपरीच्या कारखान्यांत विजेच्या तारांवर ज्याचं वेष्टण चढतं तेच प्लास्टिक. एका बाजूला वीसेक मिनिटं. मुंबईत एचएमव्हीचं रेकॉर्डिंग बघणारे गोविंदराव जोशी, म्हणजे भावगीतगायक जी. एन. जोशी, यांनी या वीस मिनिटांचं सोनं केलं. वकिली सोडून गाण्यात आलेला हा माणूस १९३८ पासून कंपनीत होता. बडे गुलाम अलींपासून भीमसेनांपर्यंत अनेकांना त्यांनी मायक्रोफोनपुढे बसवलं. लहरी सांभाळल्या, रुसवे काढले. अमीर खाँचा एलपीवरचा मारवा ऐकला की तीन मिनिटांत काय मावणं शक्यच नव्हतं ते कळतं. दर वीस सेकंदांनी काही घडलंच पाहिजे ही घाई त्यात नाही.

मग कॅसेट. ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली की देऊळ, गणपतीचा मांडव, एसटी स्टँड, सगळीकडे पोचली. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या ठिकाणी दर्दी लोकांसाठी निवडक मैफिलींच्या कॅसेट निघत. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावत असल्यामुळे चिंचवडच्या माणसाला तेही लांब नव्हतं. पण खरं राज्य केलं ते अभंगवाणीने. राम फाटकांनी आकाशवाणीसाठी चाल दिलेला नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ भीमसेनांनी गायला, आणि किराणा घराण्याची तान काकड्याच्या वेळेला लाउडस्पीकरवरून गावभर फिरू लागली. लहानपणी टपरीवर खाँसाहेबांना ऐकणारा मुलगा आता स्वतः लाखोंच्या कानात होता. आळंदीच्या वाटेवर चहा उकळणाऱ्या माणसाला ‘मी शास्त्रीय संगीत ऐकतो’ असं म्हणायचं सुचणार नाही. ऐकतो मात्र तेच.

जुनी तबकडी ऐकण्याचं एक तंत्र असतं, आणि ते कुणी शिकवत नाही. पहिली दहा सेकंदं खरखरच ऐकू येते. कान लगेच मिटू नयेत. कान हळूहळू खरखर बाजूला सारतो, पाऊस पडत असतानाही समोरच्याचं बोलणं कळतं तसं. दुसरं, वेग. ७८ हा आकडा लेबलवर असला तरी सुरुवातीच्या तबकड्या काही वेळा त्याहून सावकाश भरलेल्या असत. त्या आज सरसकट ७८ ने फिरवल्या की गायकाची पट्टी चढते, तान उगाच झपाट्याची होते आणि ऐकणारा म्हणतो, ‘काय तयारी होती हो!’ तयारी होतीच, पण त्यातली थोडी मोटारीची. तिसरं, १९२५ आधीच्या मुद्रणात खर्ज जवळपास नसतो. बारीक, नाकातला वाटणारा आवाज हा बहुतेकदा कर्ण्याचा असतो, गवयाचा नव्हे. एवढी वजाबाकी करून ऐकलं की माणूस सापडतो.

अशी एक तबकडी सध्या ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, अल्लादिया खाँच्या शिष्या, स्वभावाने तिखट, मुद्रणाच्या बाबतीत नाखूश. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गेली. त्याच तबकडीवर मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातलं रात्रीच्या राणीचं पद आहे, एडा मोझरच्या आवाजात. सोबत सुईही दिली आहे आणि ती कशी लावायची याची चित्रंही. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ज्या अल्लादिया खाँनी कर्ण्याकडे पाठ फिरवली, त्यांचं गाणं शिष्येच्या गळ्यातून ताऱ्यांकडे चाललं आहे, आणि तेही जेमतेम साडेतीन मिनिटांचं.

खाली जमिनीवर परिस्थिती इतकी भव्य नाही. या पट्ट्यातले जुने वाडे आणि चाळी पाडून इमले उठताहेत. माळा उतरवला की पितळेचा कर्णा विकला जातो, कारण पितळेला भाव आहे. लाखेच्या तबकडीत तांबं नाही, लोखंड नाही, भंगारवाला तिला हात लावत नाही. मग ती फुटते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आणि तिचे सुरेश चांदवणकर यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं अशाच तबकड्या गोळा करत, त्यांच्या याद्या करत, त्यांवर लिहीत आले. कंपन्यांकडे जे उरलं नाही, ते बऱ्याचदा कुणाच्या तरी माळ्यावर उरलेलं असतं.

तेव्हा चिंचवडगावात, तळेगावात, खेडला किंवा चाकणच्या जुन्या पेठेत कुणाच्या घरी जड, काळी, पडली की कौलासारखी फुटणारी तबकडी निघालीच, तर ती आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा. एलपीच्या सुईने वाजवू नका; खाच रुंद असते, सुई तळाशी घसरते. लेबलचा आणि लेबलभोवती कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढून एखाद्या संग्राहकाला दाखवा. धूळ मऊ फडक्याने पुसा, फार तर किंचित ओलसर. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नका; लाख स्पिरिटमध्ये विरघळते.